रुमालाखालचा मोकळा तळहात

बाजारात विश्वास कोणावर ठेवावा, सांगता का? जो आपल्या मालाची तोंड भरून स्तुती करतो त्याच्यावर, की जो गप्प राहतो त्याच्यावर? एका गावात म्हणे दोन कापडवाले होते. पहिला प्रत्येक गिऱ्हाइकाला छातीवर हात ठेवून सांगे, “रंग गेला तर माझं नाव बदला.” पंधरा वर्षांत त्याने चार गावं बदलली, नाव मात्र तेच राहिलं. दुसरा सांगे, “रंग जाईल, पण हळूहळू जाईल.” त्याचं दुकान अजून तिथेच आहे. आता तुम्ही म्हणाल, हे तर सोपं आहे, खरं बोलणाऱ्यावर विश्वास ठेवावा. पण समजा, एखादा माणूस उत्तम माल घेऊन तुमच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, “घेऊन जा, मला काही नको,” तर त्याच्यावर ठेवाल का? तिथे तुम्ही-आम्ही सगळेच दोन पावलं मागे सरकतो.

एकदा एक हेडी होता. हेडी म्हणजे गुरांच्या बाजारातला दलाल. त्याचं नाव थोमा साळवे. तालुक्याच्या गावी दर बुधवारी ओढ्याकाठच्या माळावर गुरांचा बाजार भरे, आणि थोमाने त्या माळावर वीस वर्षं काढली होती. बैलाची चाल लांबून बघून तो त्याचं वय सांगे आणि मालकाची चाल बघून त्याची गरज ओळखे.

त्या बाजारात भाव तोंडाने बोलण्याची रीत नव्हती. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये हेडी उभा राही. खांद्यावरचा रुमाल काढून तो हातांवर पसरी आणि रुमालाखाली बोटं धरून आधी एकाशी, मग दुसऱ्याशी सौदा करी. एक बोट धरलं म्हणजे इतके, दोन धरली म्हणजे तितके. वर तोंडाने पाऊसपाण्याच्या आणि सोयरिकीच्या गप्पा चालत, खाली बोटं भांडत असत. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नसे की सौदा कितीला झाला. वीस वर्षांत थोमाची बोटं इतकी तयार झाली होती की, त्याची बायको म्हणे, “हे झोपेतसुद्धा माझा हात धरून भाव पाडतात.”

थोमा जन्माने ख्रिस्ती होता, पण देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दिसे तो नाताळाला आणि लग्नकार्याला. तीन वर्षांपूर्वी तो मोठ्या आजारात सापडला. तेव्हा गावातले निवृत्त शिक्षक रत्नाकर मास्तर रोज दुपारी दवाखान्यात त्याच्या उशाशी येऊन बसत. त्यांनी थोमाला सुवार्ता, म्हणजे येशूने दिलेल्या तारणाची शुभवार्ता, सांगितली, अगदी थोडक्या शब्दांत, आणि ती थोमाच्या काळजाला भिडली. तो बरा झाला, उठला, आणि तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी मास्तरांच्या ओट्यावर शिकायला बसू लागला.

पण विद्यार्थी होता हेडी. हाती आलेला उत्तम माल चार लोकांना दाखवल्याशिवाय त्याला चैन कसं पडावं? बैलाचा जबडा उघडून दाखवता दाखवता तो गिऱ्हाइकाला विचारी, “दात चार आहेत, नीट बघून घ्या. आणि तारणाचं काय ठरवलंय तुम्ही?” गिऱ्हाईक गोंधळून बैलाकडेच बघत राही.

या थोमाचा वीस वर्षांचा सोबती होता सखाहरी. तोही हेडी. दोघं एकाच बाभळीखाली भाकरी सोडत, एकमेकांची गिऱ्हाइकं पळवत आणि संध्याकाळी एकाच वाटेने घरी परतत. सखाहरी माणूस मोठा हसरा, पण गेली काही वर्षं त्याचं हसणं ओठांपर्यंतच राहत होतं. थोमाला ते दिसे. कारण मात्र कळत नसे.

एका बुधवारी भाकरी खाऊन झाल्यावर सखाहरीने ते कारण सांगितलं.

नऊ वर्षांपूर्वी त्याची आणि धाकट्या भावाची, केरबाची, वाटणी झाली. दावणीला दोन बैल होते, एकेकाच्या वाट्याला एकेक. थोरला म्हणून निवड सखाहरीची. त्यातला एक बैल मारका होता, माणूस एकटा सापडला की शिंग घाली. ही गोष्ट घरात एकट्या सखाहरीला ठाऊक होती, कारण बैल त्यानेच आणला होता आणि त्याची वैरणकाडीही तोच बघत होता. त्याने गरीब बैल आपल्याकडे ठेवला आणि मारका केरबाला दिला. तिसऱ्या महिन्यात त्या बैलाने केरबाची मांडी फाडली. जीव वाचला, पण पाय अधू झाला. नांगराच्या मागे चालणं संपलं. तेव्हापासून केरबा शिलाईयंत्रावर बसून लोकांचे सदरे शिवत होता, सखाहरी त्याच्यापुढे जायचं टाळत होता, आणि दोघा भावांत बोलणं नव्हतं.

“त्याला वाटतं बैल अचानक बिथरला,” सखाहरी म्हणाला. “सगळ्या गावाला तसंच वाटतं. मी एकटा जाणून आहे.” मग म्हणाला, “थोमा, तू सारखा तुझ्या देवाचं सांगत असतोस. मला एक सांग, तुझा देव असल्या माणसाला घेतो का? आणि घेतला तर काय मागतो?”

आता थोमाने जे केलं, ते गुरांच्या बाजारातल्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून झालं नसतं. ‘काय मागतो’ हे शब्द कानावर पडले मात्र, त्याचा हात आपोआप खांद्याकडे गेला, रुमाल खाली आला आणि सखाहरीच्या उजव्या हातावर पसरला गेला. आणि सखाहरीनेही, तोही हेडीच, निमूटपणे बोटं पुढे केली.

थोमाने आधी पाच बोटं दाबली, मग दोन.

“बावन्न काय?” सखाहरीने विचारलं.

“रविवार. देवळात यायचं.”

“वर्षाला असतातच बावन्न!”

“म्हणून तर.”

“रविवारी खालच्या गावचा बाजार असतो रे. बारा घे.”

“बारा म्हणजे महिन्याला एक. देव काय विजेचं बिल आहे, महिन्यातून एकदा भरायला?”

“बरं, वीस.”

“तीस, आणि तंबाखू बंद.”

“तुझ्या देवाला माझ्या तंबाखूचं काय करायचंय? निम्मी करतो.”

“सव्वीस रविवार, तंबाखू निम्मी आणि दारू साफ बंद.”

“दारू मी पीतच नाही.”

“मग तिच्यापोटी सूट मिळणार नाही.”

दोघंही क्षणभर हसले. सौदा अगदी जुळत आला होता. पण सखाहरीची बोटं मध्येच थांबली.

“आणि हे सगळं केलं,” तो हळूच म्हणाला, “तर माझ्या छातीवरचं उतरेल? याची हमी कोण देतो? तू?”

हमी कुठल्या बोटाने द्यायची, हे थोमाला ठाऊक नव्हतं.

सखाहरीने हात काढून घेतला. “राहू दे गड्या. तुझा देव महाग आहे, आणि त्याच्यापाशी हमीही नाही. पुढच्या बुधवारी मी राहिलेली जनावरं विकून टाकतो. गुरुवारी सकाळी जावयाच्या गावी चाललोय. कायमचा. रोज डोळ्यांसमोरून तो अधू पाय जातो, आता सोसत नाही.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोमा मास्तरांच्या ओट्यावर पोचला तेव्हा त्याच्या तोंडावर थोडी लाज आणि थोडी फुशारकी अशी दोन्ही होती.

“सलाम, मास्तर.”

“सलाम. बस. आज चेहरा असा का?”

“एक सौदा मोडला. मित्र आहे. त्याच्या हातून भावाचं वाईट झालंय.”

“नाव सांगू नकोस,” मास्तर चटकन म्हणाले. “त्याने तुला सांगितलं आहे, मला नाही. पुढे बोल.”

थोमाने नाव आणि तपशील गाळून सगळं सांगितलं. सव्वीस रविवारांपर्यंत मास्तर ऐकत होते. विजेच्या बिलापाशी त्यांना हसू आवरेना. दारूवरच्या सवलतीपाशी त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. आत चहा गाळत असलेल्या करुणाबाई, मास्तरांच्या पत्नी, तिथूनच म्हणाल्या, “काय रे थोमा, आमच्या देवाची दलाली किती घेतोस?”

“चेष्टा करू नका, बाई. बावन्नावरून सव्वीसवर आणला होता. आणखी दोन रविवार सोडले असते तर—”

“तर?” मास्तरांनी विचारलं.

“तरी नसता आला,” थोमा म्हणाला. “तो हमी मागत होता. आणि आता तो गाव सोडून चाललाय, मास्तर. बुधवारनंतर तो मला भेटायचा नाही. वीस वर्षांची संगत, आणि त्याला आधार हवा होता तेव्हाच मी त्याच्याशी घासाघीस केली.”

मास्तरांचं हसू मावळलं. चहा पिऊन होईपर्यंत ते अंगणाकडे बघत राहिले. अंगणात त्यांचा खोंड उभा होता, पांढराशुभ्र, दोन दाती, उंच वशिंडाचा. त्याची आई तो आठ दिवसांचा असताना सर्पदंशाने गेली. करुणाबाईंनी बाटलीने दूध पाजून त्याला वाढवलं होतं. त्याचं नाव हौशा.

“बुधवारी मी हौशाला बाजारात आणतो,” मास्तर म्हणाले. “मध्ये तू उभा राहा.”

थोमा चकित झाला. आतून कपाचा आवाज थांबला.

“पत्र्यांसाठी का?” करुणाबाई दारात आल्या. घरावरचे पत्रे गळत होते आणि खोंड विकून ते बदलायचे, असं दोघांचं ठरलेलं होतं.

“पत्रे पुढच्या वर्षी बघू.”

“गेल्या वर्षीसुद्धा ते पुढच्याच वर्षी होते,” करुणाबाई म्हणाल्या. त्या मास्तरांकडे बराच वेळ बघत राहिल्या. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या मनात काय आहे हे न विचारता कळायला लागतं. त्यांनी पदराने हात पुसले, अंगणात गेल्या आणि हौशाच्या कपाळावर हात ठेवून उभ्या राहिल्या. “खोड एकच आहे त्याला,” त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. “उसाचं वाढं दिसलं की हट्ट करतो. घेणाऱ्याला तेवढं सांगा.”

बुधवारी हौशाला बघताच बाजाराच्या नजरा वळल्या. थोमाची छाती फुगली. पहिलं गिऱ्हाईक आलं ते एक मोठा फेटेवाला बागाईतदार. थोमाने रुमाल पसरून आधी मालकाचा, म्हणजे मास्तरांचा हात धरला आणि त्यांच्या बोटांची वाट बघू लागला.

मास्तरांनी एकही बोट दाबलं नाही. त्यांचा तळहात नुसता उघडा होता.

“मास्तर, बोट धरा,” थोमा हळूच म्हणाला.

“धरायचं नाही, तेच तर सांगतोय.”

थोमाने पुन्हा चाचपून पाहिलं. मोकळा तळहात. वीस वर्षांत अशी खूण त्याच्या हाताला लागली नव्हती. रुमालाखाली शून्य सांगायची सोयच नाही. ज्याला काही नको तो बाजारात कशाला येईल? त्याला वाटलं, शाळेत आयुष्य गेलेला माणूस, बोटांची भाषा कुठून यावी? म्हणून त्याने आपल्या मनानेच एक चांगला भाव धरला आणि बागाईतदाराची बोटं दाबली.

“कितीला सांगितलास रे?” मास्तरांनी विचारलं.

थोमाने त्यांच्या कानात आकडा सांगितला.

“माल कोणाचा?”

“तुमचा, मास्तर.”

“मग माझ्या मालाला भाव लावणारा तू कोण?”

मास्तरांचा आवाज सौम्य होता, पण थोमाचे कान लाल झाले. “मग काय सांगू?”

“आहे ते सांग. फुकट आहे म्हणावं.”

थोमाने तसं सांगितलं. बागाईतदाराने हात असा मागे घेतला, जणू रुमालाखाली इंगळी होती.

मग जी गंमत झाली ती त्या बाजाराने पुढे कितीतरी दिवस सांगितली. बातमी माळभर पसरली आणि माणसं गोळा झाली. कोणी हौशाचे दात पाहिले, कोणी खूर उचलून पाहिले, कोणी अंगावरचे भोवरे मोजले, कोणी शेपूट उचलली. एकाने कानात फुंकर मारून बैल बहिरा तर नाही ना हे पाहिलं. हौशाने त्याचा फेटा चाटला.

“चोरीचा असणार,” एक जण म्हणाला.

“मास्तर चोरी करतील होय? त्यांनी मला तुझ्या वहीतलं चोरलं म्हणून छड्या मारल्यात.”

“मग आतून आजारी असेल.”

“आजारी कसला, तुझ्यापेक्षा ताजा आहे.”

बागाईतदार पुन्हा आला. “मास्तर, निम्मे पैसे देतो. अगदी फुकट नको. उद्या चार लोकांत म्हणाल, यांच्या दावणीला माझा बैल आहे.”

“म्हणणार नाही.”

“तरी नको. फुकट घेतलेल्या बैलाकडे मला मान वर करून बघता येणार नाही.” आणि तो खरोखर निघून गेला.

गर्दीतून कोणी तरी ओरडलं, “मास्तर, बैल घेतला तर ख्रिस्ती व्हावं लागेल का? आधीच सांगून टाका!” सगळे हसले.

मास्तरही हसले. “नाही रे बाबा. बैलासाठी जो देव बदलेल तो बैलाचाच भक्त. तसला माणूस मलाही नको आणि देवालाही नको. बैल हवा तर बैल ने.”

पण कोणी नेला नाही. ऊन चढलं, उतरायला लागलं. विकायला आणलेली हडकुळी गुरंसुद्धा विकली गेली आणि बाजारातला सगळ्यांत देखणा खोंड फुकट असूनही तिथेच उभा राहिला.

तेवढ्यात सखाहरी आला. त्याची जनावरं विकून झाली होती. कासरे गुंडाळून खांद्यावर टाकले होते. फुकट खोंडाची वार्ता त्याच्याही कानावर गेली होती. त्याने हौशाभोवती दोन फेऱ्या मारल्या, पोटावरून हात फिरवला, वशिंड दाबलं. खोट सापडली असती तर त्यालाच सापडली असती.

“मास्तर, खोट काय आहे याच्यात?”

“उसाचं वाढं दिसलं की हट्ट करतो.”

“ती खोट नव्हे. मग देता का फुकट?”

“मला द्यायचा आहे.”

सखाहरीने थोमाकडे पाहिलं. थोमाने नुसते खांदे उडवले. मग सखाहरीने स्वतःच थोमाचा रुमाल हातांवर ओढला आणि मास्तरांचा हात धरला. उघडा तळहात त्याच्या बोटांना लागला. तो वाट बघत राहिला. एखादं बोट हलेल, एखादी अट दाबली जाईल. काहीच हललं नाही. थोमा शेजारीच उभा होता, त्याला सखाहरीच्या कपाळावरचा घाम दिसत होता.

“मला नको,” सखाहरी एकदम म्हणाला. “दुसऱ्या कोणालाही द्या, मला नको. मास्तर, तुम्हाला ठाऊक नाही. मी सख्ख्या भावाला जाणून बुजून मारका बैल दिला. माझी कसली लायकी चांगला बैल न्यायची?”

नऊ वर्षं ज्याची वाच्यता नव्हती ते आता भर बाजारात, चार माणसांच्या ऐकण्यात बोललं गेलं होतं.

मास्तरांनी त्याचा हात सोडला नाही. “लायकी बघून द्यायचा असता,” ते म्हणाले, “तर सकाळीच कोणाला तरी विकून मी घरी जेवायला गेलो असतो.” आणि रुमाल बाजूला करून त्यांनी हौशाचा कासरा सखाहरीच्या उघड्या हातात ठेवला.

सखाहरी कितीतरी वेळ कासऱ्याकडे बघत राहिला. मग खोंडाला घेऊन हौदाकडे पाणी पाजायला गेला. त्याचे खांदे हलत होते. तो रडतोय हे थोमाला कळलं, पण जवळ जावं की नाही हे कळेना.

“मास्तर,” तो म्हणाला, “मी काहीच केलं नाही. नुसता उभा होतो.”

“हेड्याचं काम तेवढंच असतं, थोमा. मालकाचा भाव गिऱ्हाइकापर्यंत जसाच्या तसा पोचवायचा. मालकाने भाव लावलाच नसेल, तर आपण तो लावायचा नाही. सकाळी तू माझ्या खोंडाला भाव लावलास. गेल्या आठवड्यात तू याहून फार मोठ्या देण्याला भाव लावलास, सव्वीस रविवार. अरे, त्या देण्याला किंमत नव्हती असं नाही. फार भारी किंमत होती. पण ती देणाऱ्याने भरली. देवाने आपला पुत्र दिला. त्या पुत्राने, येशूने, तुझी-माझी पापं स्वतःच्या अंगावर घेतली, क्रुसावर मरण सोसलं आणि तिसऱ्या दिवशी तो जिवंत उठला. घेणाऱ्यासाठी भरायचं काही उरलंच नाही. तेच सांगायचं. त्यात पदरचं काही घालायचं नाही, आणि ते फार स्वस्त वाटतंय म्हणून लाजायचंही नाही. मला सांग, दवाखान्यात तुझ्याकडून काय घेतलं होतं?”

थोमाने आठवून पाहिलं. त्या दिवशी त्याच्यापाशी द्यायला काहीच नव्हतं. उठून बसायचं बळसुद्धा नव्हतं.

“मग रविवार? तंबाखू?” त्याने हळूच विचारलं.

“खोंड घरी नेल्यावर माणूस त्याला वैरण घालतोच की. पण वैरण ही खोंडाची किंमत नव्हे. जा, तो हौदापाशी एकटा आहे.”

थोमा गेला. जाताना त्याने रुमाल खांद्यावर टाकला नाही, मास्तरांच्या हातातच ठेवला. सखाहरीशेजारी तो हौदाच्या काठावर बसला आणि जे तीन वर्षांत शंभर वेळा गाजावाजा करून सांगितलं होतं, ते त्याने पहिल्यांदाच साध्या आवाजात सांगितलं. देव काही मागत नाही. तुझं-माझं सगळं येशूने आपल्यावर घेतलं, त्यासाठी तो मेला आणि उठला. क्षमा करायला तो तयारच आहे. हात उघडायचा, एवढंच.

“तू काय दिलंस त्याला?” सखाहरीने विचारलं.

“काही नाही.”

“काहीच नाही? तंबाखूसुद्धा?”

“तंबाखू मी नंतर सोडली. तीही बायकोला वास येतो म्हणून.”

सखाहरीला त्या रडण्यातच हसू फुटलं. ते हसू ओठांपाशी थांबलं नाही. त्याने हौदातलं पाणी तोंडावर मारलं. “गेल्या आठवड्यात हे का नाही सांगितलंस, लेका?”

“चुकलो. हेडी आहे ना.”

“हमी?”

“ती माझ्या हातात नाही. ज्याने दिलं त्याचीच आहे. तो मेलेला राहिला नाही, याहून मोठी हमी मला ठाऊक नाही.”

सखाहरी उठला. थोमाला वाटलं, आता हा घराकडे वळेल. पण तो खोंडाला घेऊन शिंपी आळीच्या वाटेला लागला. थोमा चार पावलं मागून चालत राहिला.

केरबा दारातच यंत्रावर बसला होता. थोरल्या भावाला कासरा धरून समोर उभा पाहून त्याचा पाय यंत्राच्या पायडलवर थांबला. नऊ वर्षांनी दोघं समोरासमोर होते. सखाहरीने कासरा नुसता पुढे केला.

शेवटी केरबानेच विचारलं, “हा तरी गरीब आहे ना?”

“गरीब आहे,” सखाहरी म्हणाला. “आणि तो मारका होता. मला ठाऊक होतं, केरबा. वाटणीच्या दिवशीच ठाऊक होतं.”

केरबाने सुईतला दोरा तोडला. हातातला सदरा घडी करून बाजूला ठेवला.

“मलाही ठाऊक होतं, दादा,” तो म्हणाला. “दवाखान्यात तू मला बघायला आलास आणि माझ्याकडे बघितलंच नाहीस, तेव्हाच कळलं. मी सोडून दिलं होतं रे केव्हाच. तू येशील म्हणून वाट बघत होतो. नऊ वर्षं लावलीस.” मग आत बघून त्याने हाक मारली, “अगं, चहा टाक, दादा आलाय.”

थोमा रस्त्यावरच उभा राहिला. सखाहरी उंबऱ्यापाशी कोसळल्यासारखा खाली बसला होता आणि केरबा अधू पाय ओढत त्याच्याकडे येत होता. क्षमा नऊ वर्षं त्या घरात तयार ठेवलेली होती. ती न्यायला कोणी आलं नव्हतं, इतकंच. थोमाला ते स्वच्छ दिसलं आणि मास्तरांनी तीन वर्षं त्याला काय शिकवलं होतं ते त्या क्षणी पूर्ण उमजलं.

गुरुवारी सकाळी जावयाच्या गावची गाडी सखाहरीशिवाय गेली.

मंडळी, तुम्ही जर ही सुवार्ता कोणाला सांगायला निघाला असाल, किंवा ती तुम्हाला कोणी सांगितली असेल, तर एकच विनंती आहे. आपल्या मनाची वही उघडा आणि जे फुकट मिळालं त्याच्यापुढे ‘मिळालं’ असंच लिहा, ‘कमावलं’ असं लिहू नका. हा हिशेब मात्र सचोटीने ठेवा.